विश्लेषण: खत नव्हते, डिझेल नव्हते, तरी क्युबाच्या शहरांत भाजी कशी पिकली?

सेंद्रिय शेतीची चर्चा निघाली की क्युबाचे नाव हमखास येते. रासायनिक खते आणि डिझेल मिळेनासे झाल्यावर या कॅरेबियन बेटाने शहरातल्या पडीक जागांवर भाजी पिकवली, बैल पुन्हा औताला जुंपले आणि उपासमारीतून मार्ग काढला, अशी ती कहाणी. ती खरी आहे. पण हाच देश आज आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा बाहेरून आणतो आणि रेशनच्या पावाचे वजन कमी करतो, हेही खरे आहे. ही दोन्ही सत्ये एकाच बेटावर कशी नांदतात?

आधी शेती कशी होती?

क्युबाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख १० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लोकसंख्या होती सव्वा कोटीच्या आत. या एवढ्याशा देशात एका हंगामात ८० लाख टनांच्या आसपास साखर तयार होत असे. गावोगावी सरकारी शेते, मैलोन्मैल ऊस, सोव्हिएत ट्रॅक्टर, आयात केलेले खत आणि विमानातून होणारी फवारणी असा सगळा थाट होता. लॅटिन अमेरिकेतली सर्वात यांत्रिक शेती असलेल्या देशांमध्ये क्युबाची गणना व्हायची.

हे चालत होते ते सोव्हिएत संघाच्या जिवावर. सोव्हिएत संघ क्युबाची साखर जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने घेई आणि बदल्यात तेल, खत, यंत्रे, गहू देई. देशाचा ८० टक्क्यांहून अधिक परदेशी व्यापार याच गटाशी होता. परिणामी उत्तम जमीन उसाखाली आणि ताटातले अन्न बोटीतून, अशी स्थिती झाली. क्युबन माणसाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक आयात केलेल्या अन्नातून येत. साखरेच्या भरवशावर उभ्या असलेल्या कोणत्याही प्रदेशाने थबकून पाहावे असे हे चित्र आहे, मात्र त्या वेळी क्युबात कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. भाव मिळत होता आणि रेशन वेळेवर येत होते.

'विशेष काळ' म्हणजे काय?

१९८९ नंतर पूर्व युरोपातील सरकारे एकामागोमाग पडली आणि १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघच उरला नाही. क्युबात येणारे तेल निम्म्याच्या आसपास आले. खतांची आयात तीन चतुर्थांशाहून अधिक घटली, कीटकनाशकांची निम्म्याहून अधिक. अमेरिकेची व्यापारबंदी साठच्या दशकापासून होतीच. १९९२ आणि १९९६ च्या कायद्यांनी ती आणखी आवळली. फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने या टंचाईला नाव दिले 'शांततेच्या काळातील विशेष कालखंड'. क्युबन माणूस अजूनही नुसते 'विशेष काळ' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही.

चार वर्षांत अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. बस बंद पडल्या म्हणून चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणल्या गेल्या. माणशी रोजचे उष्मांक २,९०० च्या आसपास होते, ते १,९०० पर्यंत उतरले. १९९२-९३ मध्ये दृष्टी अंधुक होण्याची आणि हातापायांना मुंग्या येण्याची साथच पसरली. ५० हजारांहून अधिक लोकांना तिने गाठले. शोध घेतल्यावर कारण निघाले ते मुख्यतः आहारातील जीवनसत्त्वांची कमतरता, त्यात तंबाखूची भर. सरकारने घरोघरी 'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली.

म्हणजे क्युबा सेंद्रिय शेतीकडे वळला तो कोणा गुरूचे व्याख्यान ऐकून नव्हे. गोदामात खत नव्हते, एवढे साधे कारण होते. काही शास्त्रज्ञ मात्र ऐंशीच्या दशकापासूनच जैविक कीडनियंत्रणावर काम करत होते. तोवर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडलेले त्यांचे काम एकाएकी देशाच्या कामी आले.

'ऑर्गॅनोपोनिको' हा काय प्रकार आहे?

विशेष काळाआधी क्युबात काही ठिकाणी मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाजी घेण्याचे प्रकल्प होते. आयात रसायने थांबताच ते ठप्प झाले. रिकामी कुंडे मात्र तशीच होती. त्यांत माती आणि कुजलेले खत भरून भाजी लावण्याचा प्रयोग लष्कराच्या आवारात आणि इतरत्र झाला. पाण्यावरच्या शेतीला 'हायड्रोपोनिक' म्हणतात, म्हणून सेंद्रिय खतावरच्या या शेतीला नाव पडले 'ऑर्गॅनोपोनिको'.

रचना आपल्याकडच्या गादीवाफ्यासारखीच असते. सव्वा मीटरच्या आसपास रुंदीचा लांबलचक वाफा, कडेने विटा, सिमेंटचे ठोकळे, जुनी कौले किंवा हाताशी असेल ते. आत निम्मी माती, निम्मे कंपोस्ट. शहरातल्या जागेत बहुधा राडारोडा, मुरूम किंवा फरशी असते आणि तिथे नांगर चालत नाही. म्हणून जमिनीच्या वरच माती तयार करायची, ही यातली मेख. दर पिकानंतर खताचा नवा थर द्यायचा आणि वाफा रिकामा ठेवायचा नाही. लेट्यूस निघाले की मुळा, मुळा निघाला की कांदापात, मग चवळीच्या शेंगा.

खत आले कुठून? शेण, कोंबडीखत, पालापाचोळा आणि साखर कारखान्यातली 'काचासा', म्हणजे आपल्याकडचे शेतकरी ज्याला प्रेसमड म्हणतात तेच. या प्रेसमडवर आणि शेणावर गांडूळखताचे प्रकल्प देशभर उभे राहिले. ज्या उसाने जमीन व्यापली होती, त्याचाच गाळ भाजीच्या वाफ्यांत गेला.

दुसरी गोष्ट विक्रीची. ट्रकला डिझेल नव्हते, त्यामुळे भाजी बाजारात नेणे शक्य नव्हते. म्हणून वाफ्याच्या कडेलाच विक्रीची टपरी उभी राहिली. सकाळी काढलेली भाजी शेजारच्या इमारतीतली गृहिणी चालत येऊन नेई. वाहतूक नाही, शीतगृह नाही, दलाल नाही.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण हवानाच्या पूर्वेकडील आलामार वसाहतीत आहे. सत्तरच्या दशकात बांधलेल्या एकसारख्या दिसणाऱ्या गृहनिर्माण इमारतींचा हा भाग. तिथल्या मोकळ्या जागेत कृषितज्ज्ञ मिगेल साल्सिनेस आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शेती सुरू केली. पुढे ती 'विवेरो आलामार', म्हणजे आलामार रोपवाटिका, या नावाने ओळखली जाऊ लागली. काही वर्षांत क्षेत्र सुमारे १० हेक्टरवर गेले आणि दीडशेहून अधिक लोकांना काम मिळाले. भाज्या, रोपे, औषधी वनस्पती, गांडूळखत असे सगळे तिथे होते. ही सहकारी संस्था असल्याने नफ्यातला वाटा सदस्यांमध्ये विभागला जाई आणि त्यामुळे हाती पडणारी रक्कम सरकारी पगारापेक्षा बरीच जास्त असे. इंजिनीअर आणि शिक्षक खुरपे हाती घेऊन तिथे का आले, याचे उत्तर बहुधा या हिशेबात आहे.

शहरी शेतीतून वर्षाला ४० लाख टनांहून अधिक भाजी निघते, असे सरकारी आकडे २००५ च्या सुमारास सांगत. हा आकडा जरा जपून वाचावा लागतो. प्रांताच्या मुख्य शहरापासून १० किलोमीटर आणि तालुक्याच्या ठिकाणापासून ५ किलोमीटरपर्यंतची शेतीही त्यात 'शहरी' म्हणून धरली जाते. तरीही हवानाच्या पालेभाजीचा मोठा हिस्सा शहरात आणि शहराच्या वेशीवर पिकू लागला, याबद्दल दुमत नाही.

कीड कशी आवरली?

यातला सर्वात रंजक भाग रताळ्याचा आहे. क्युबात रताळे हे रोजचे खाणे आणि त्याचा मोठा शत्रू सोंडकिडा. त्याची अळी कंदाच्या आत शिरते, त्यामुळे वरून फवारणी करून फारसे साधत नाही. क्युबन शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी त्यावर मुंगी सोडली. मोठ्या डोक्याची ही मुंगी केळीच्या बागांत आपसूक असते. केळीच्या खुंटाचे तुकडे करायचे, त्यांना साखरेचे पाणी किंवा मध लावायचा आणि मुंग्यांच्या वारुळाजवळ ठेवायचे. मुंग्या त्यात वस्ती करतात. मग ते तुकडे उचलून रताळ्याच्या शेतात नेऊन टाकायचे. ऊन लागून खुंट वाळला की मुंग्या जमिनीत घर करतात आणि किड्याची अंडी, अळ्या फस्त करतात.

याखेरीज गावपातळीवर लहान लहान केंद्रे निघाली, देशभरात दोनशेहून अधिक. तिथे बिव्हेरिया, मेटारायझियम, ट्रायकोडर्मा यांसारख्या उपयुक्त बुरश्या आणि अळ्यांवर चालणारे जिवाणू वाढवले जात, ट्रायकोग्रामाचे परोपजीवी कीटक तयार केले जात. ही नावे महाराष्ट्रातील कापूस आणि ऊस उत्पादकांना नवी नाहीत. ट्रायकोकार्ड आपल्याकडेही मिळते. क्युबाचे वेगळेपण एवढेच की ही केंद्रे शेताच्या जवळ होती आणि तिथे काम करणारी मुले बहुधा त्याच भागातली असत. जिवंत बुरशी आठवडाभर उन्हात ट्रकमधून फिरली की तिचा उपयोग संपतो, त्यामुळे अंतर कमी असणे महत्त्वाचे. मूळच्या आपल्या कडुनिंबाचीही तिथे लागवड झाली आणि त्याच्या बियांपासून कीडनाशक बनू लागले.

बैलांचे काय? ट्रॅक्टरच्या काळात बैल हाकणारे हात कमी झाले होते. जुन्या शेतकऱ्यांना बोलावून तरुणांना जू, कासरा आणि नांगराची ओळख करून द्यावी लागली. दशकभरात औताच्या बैलांची संख्या चार लाखांच्या घरात गेली. बैल ओल्या जमिनीतही चालतो आणि त्याच्या पायाखाली माती ट्रॅक्टरइतकी दाबली जात नाही, हे फायदे नंतर ध्यानात आले. मात्र तासन्‌तास औतामागे चालणारा माणूस थकतो. शेतीबद्दल गोड लिहिणारे अनेकदा हे विसरतात.

ज्ञान गावोगाव कसे पोहोचले?

सरकारी कृषी अधिकारी एकटा हे करू शकत नव्हता. १९९७ मध्ये 'आनाप' या लहान शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'कांपेसिनो आ कांपेसिनो', म्हणजे शेतकऱ्याकडून शेतकऱ्याला, ही चळवळ हाती घेतली. पद्धत मूळची ग्वाटेमालाची, मेक्सिको आणि निकाराग्वामार्गे आलेली. ज्याच्या शेतात एखादा उपाय चालला आहे, त्याच्याच बांधावर बाकीच्यांनी जायचे, पाहायचे, प्रश्न विचारायचे आणि एखादीच गोष्ट आपल्या शेतात करून बघायची. सुरुवात दोनशेच्या आसपास कुटुंबांपासून झाली. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक कुटुंबे त्यात आली.

तिची कसोटी २००८ मध्ये लागली. 'आइक' चक्रीवादळ पूर्व क्युबावरून गेले. नंतर संशोधकांनी शेतांची पाहणी केली, तेव्हा एकाच पिकाच्या शेतांत नुकसान ९० ते १०० टक्के, तर झाडे, कंद, भाजी आणि जनावरे एकत्र असलेल्या मिश्र शेतांत सुमारे ५० टक्के आढळले. उंच झाडे पडली तरी खालचे पीक उभे होते आणि कंद जमिनीत सुरक्षित होते. दरवर्षी वादळाची वाट पाहणाऱ्या बेटावर हा फरक मोठा ठरतो.

जमीन कोणाला मिळाली?

तंत्राइतकाच हा प्रश्न मोलाचा होता. १९९३ मध्ये सरकारने आपली अवाढव्य शेते तोडून तिथल्या कामगारांच्या सहकारी संस्थांकडे सोपवली. मालकी सरकारची, कसण्याचा हक्क संस्थेचा, असा भोगवटा. १९९४ मध्ये शेतमालाचे खुले बाजार सुरू झाले. सरकारला ठरलेला वाटा दिल्यावर उरलेला माल शेतकरी आपल्या भावाने विकू शकत होता. अनेक अभ्यासकांच्या मते भाजी वाढली ती गांडुळांइतकीच या भावामुळे.

२००२ मध्ये साखर उद्योगाची पुनर्रचना झाली आणि १५६ कारखान्यांपैकी जवळपास निम्मे बंद झाले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर भाजी आणि धान्य येईल अशी अपेक्षा होती. आले ते 'माराबू'. आफ्रिका आणि भारतात मूळ असलेले हे काटेरी झुडूप क्युबात परके. तिथे ते दहा लाखांहून अधिक हेक्टरवर माजले. राऊल कॅस्ट्रो यांनी २००७ मधील कामाग्वे येथील भाषणात त्यावरून आपल्याच यंत्रणेला टोमणा मारला होता. पुढच्याच वर्षी पडीक सरकारी जमीन मागेल त्याला देण्याचा कायदा आला. भूमिहीनाला १३.४२ हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे ३३ एकर. पण माराबू उपटायला यंत्र हवे, यंत्राला डिझेल हवे, नाहीतर कुऱ्हाड. ती जमीन घेणाऱ्यांपैकी अनेकांनी कुऱ्हाडीनेच सुरुवात केली. त्याच झुडपाचा कोळसा पुढे निर्यातीचा माल झाला. जानेवारी २०१७ मध्ये अनेक दशकांनंतर क्युबातून अमेरिकेला कायदेशीररीत्या गेलेला पहिला माल म्हणजे माराबूचा कोळसा.

मग क्युबा स्वयंपूर्ण का झाला नाही?

कारण ताट पालेभाजीने भरत नाही. क्युबन माणसाचे मुख्य जेवण म्हणजे भात, काळा घेवडा, डुकराचे मांस किंवा कोंबडी, आणि पाव. तांदूळ मोठ्या प्रमाणावर व्हिएतनाममधून येतो. गहू क्युबात पिकत नाही म्हटले तरी चालेल. गोठवलेली कोंबडी येते ती चक्क अमेरिकेतून. व्यापारबंदीतून शेतमालाला सवलत देणारा कायदा तिथे २००० मध्ये झाला. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अंदाजानुसार देशाच्या अन्नगरजेपैकी ७० ते ८० टक्के आयातीतून भागते. शहराच्या वाफ्यांनी जीवनसत्त्वे दिली. उष्मांक आणि प्रथिने बोटीतूनच येत राहिली.

'पूर्ण सेंद्रिय देश' हेही अर्धसत्य. बटाट्यासारख्या पिकांना रसायने मिळतच होती. २००० पासून व्हेनेझुएलाचे तेल येऊ लागले, तशी खते काही प्रमाणात परतली. क्युबन शास्त्रज्ञांनी जनुकीय बदल केलेला मकाही शेतात उतरवला. एकाच सरकारच्या एका विभागाने गांडूळखताला पुरस्कार द्यावेत आणि दुसऱ्याने जनुकीय बियाण्याला, असे चालले.

यात खरा अडसर खरेदी यंत्रणेचा ठरला. 'आकोपियो' ही सरकारी खरेदी संस्था ठरलेल्या भावाने माल घेते. ट्रक वेळेवर न आल्याने टोमॅटो बांधावर सडणे आणि पैसे महिनोन्‌महिने थकणे, या तक्रारी क्युबाच्या सरकारी वृत्तपत्रांतूनही छापून आल्या आहेत. ऑर्गॅनोपोनिकोची टपरी यातून सुटली होती, कारण ती दारातच विकत होती. गावाकडच्या घेवडा आणि भात उत्पादकाला ती वाट नव्हती.

इथे श्रीलंकेची आठवण होणे साहजिक आहे. तिथे एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली आणि नोव्हेंबरपर्यंत सरकारला माघार घ्यावी लागली. क्युबालाही वेळ मिळाला नव्हता. पण त्याच्याकडे तयार संशोधक, शेताजवळची केंद्रे आणि वाटायला सरकारी जमीन होती. तरीही पहिली तीन-चार वर्षे लोक उपाशी राहिलेच.

आज परिस्थिती काय आहे?

करोनाने पर्यटन बुडवले, अमेरिकेचे निर्बंध पुन्हा कडक झाले आणि २०२१ मधील चलन सुधारणेनंतर महागाई भडकली. मे २०२२ मध्ये संसदेने अन्न सार्वभौमत्वाचा कायदा मंजूर केला. पण २०२२-२३ च्या गळीत हंगामात साखर झाली जेमतेम साडेतीन लाख टन. कधीकाळी जगाला साखर पुरवणारा देश आता ती आयात करतो. २०२४ च्या सुरुवातीला लहान मुलांसाठी दूध पावडर मागण्याकरिता सरकारला जागतिक अन्न कार्यक्रमाकडे जावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेशनचा पाव ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संपूर्ण देशाची वीज गेली.

शेतीला याची झळ दोन बाजूंनी बसते आहे. पहिली माणसांची. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले, त्यांत तरुण जास्त. वाफ्याची शेती ही हाताची शेती आहे. रोपे लावणे, खुरपणे, खत पसरणे यांना माणूस लागतो. दुसरी झळ पाण्याची. वाफ्यातल्या लेट्यूसला युरिया लागत नाही, मात्र पाणी रोज लागते. जिथे ते पंपाने उपसावे लागते तिथे वीज कधी येईल याकडे डोळे लावून बसावे लागते आणि आली की, रात्र असो वा पहाट, पंप सुरू करायला धावावे लागते.